डावा हात रजेवर

१

सोमवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर एकाच माणसाचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी पडले होते. चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, या माणसाच्या रक्तात दोष नाही. गेल्या शनिवारच्या रिपोर्टात लिहिलं होतं, आहे. दोन्हींवर शिक्का आमच्याच लॅबचा, आणि दोन्हीकडे सारखाच सरळ, सुबक उमटलेला. शिक्का मारण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

माणूस बस चालवतो. त्याच्या गळ्यात, थायरॉइडच्या ग्रंथीत, गोटीएवढी गाठ निघाली होती आणि ती कॅन्सरची होती. याच कॅन्सरनं त्याची आई गेली. आईनंतर दोन्ही मुलांचं रक्त तपासलं. थोरल्या ताईत दोष सापडला, तिची ग्रंथी वेळेवर काढली, ती ठणठणीत आहे. धाकटा हा ड्रायव्हर. त्याला आम्ही सांगितलं होतं, तुम्ही सुटलात.

"दोष नंतर आला असेल का मॅडम?" मी विचारलं.

मॅडम आमच्या प्रमुख. त्या कुणावर ओरडत नाहीत, फक्त चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला.

"थायरॉइडच्या बहुतेक कॅन्सरमध्ये तसंच होतं. एखाद्या पेशीतलं जनुक आयुष्यात कधीतरी बिघडतं, पेशी वाढत सुटते, गाठ होते. पण तो बिघाड त्या गाठीपुरता. ह्याचा बिघाड गाठीतही आहे आणि रक्तातही. शिवाय रेट नावाच्या जनुकात, आईच्या होता अगदी त्याच जागी. म्हणजे?"

"म्हणजे जन्मापासून."

"म्हणजे चार वर्षांपूर्वीही होता. आणि आपण नाही म्हणालो."

जुन्या रिपोर्टावर तपासणाऱ्याची सही मावशींची होती. मावशी आमच्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला सात महिने. वरच्या ऑफिसातून एक फॉर्म आला होता, शुक्रवारी भरून द्यायचा. त्यावर 'दोषी व्यक्तीचे नाव' अशी एकच ओळ होती, आणि मावशींचं नाव तिच्यात बरोब्बर मावेल अशी मापून सोडलेली वाटत होती.

चौकशी माझ्याकडे आली. माझ्या बुद्धीमुळे नव्हे. बाकीच्यांना कामं होती.

२

ड्रायव्हरची बायको वेटिंग हॉलमध्ये बसली होती. तिची पावणेचार वर्षांची मुलगी खुर्च्यांच्या खालून रांगत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायची, भिंतीला हात लावून परत यायची आणि दर वेळी आपला नवा विक्रम जाहीर करायची.

"हिचं रक्त आजच घेऊ या," मी म्हणालो. "वडिलांकडून दोष आला असण्याची शक्यता निम्मी. ह्या घराण्यातला प्रकार जरा आडदांड आहे. असलाच, तर पाच वर्षांची व्हायच्या आत ग्रंथी काढून टाकायची, कॅन्सर सुरू व्हायच्या आधीच."

"नाही."

"मग उद्या?"

"उद्याही नाही. मी शर्टच्या कारखान्यात माल तपासते. दिवसाला चारशे शर्ट. एकाची बाही उलटी लागलेली निघाली, तर आम्ही काय करतो माहितीये? लाइन बंद. कुठल्या मशीनवर, कुणाच्या हातून चुकलं, ते कळेपर्यंत पुढचा एक तुकडा आत जात नाही. तुम्ही मला सांगा कुठं चुकलं. मग मी पोरीचा हात तुमच्यापुढे करते."

"हवं तर दुसऱ्या लॅबमध्ये..."

"तिथं काय देवदूत बसलेत? तुमच्यासारखेच असणार." तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मीही तपासणीत नापास झालो असावा. "समजा तुम्ही म्हणालात, पोरीत दोष नाही. मी झोपू कशी? आणि म्हणालात आहे, तर कुणाच्या शब्दावर तिचा गळा कापू देऊ?"

मी वही उघडली आणि चार वर्षांपूर्वीचं काय आठवतं ते विचारलं.

"सगळं आठवतं. मला सातवा महिना होता. सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी ह्यांच्या मागं लागले होते, रिपोर्ट आणा, नाहीतर माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. एक दिवस ड्युटीवरून आले, शर्ट काढला, तर डाव्या कोपरात कापूस चिकटवलेला. म्हणाले, देऊन आलो रक्त. चिकटपट्टी मीच ओढून काढली. केस उपटले म्हणून केवढे ओरडले!"

"डाव्या कोपरात? नक्की?"

"अहो, डावी बाही कुठली आणि उजवी कुठली, ह्याचाच मला पगार मिळतो."

ड्रायव्हर वॉर्डात होता, त्याचं ऑपरेशन शनिवारी. त्याला भेटायला मी त्या दिवशी तीनदा गेलो. तिन्ही वेळा तो चांगला जागा होता आणि तिन्ही वेळा मला बघताक्षणी झोपला. तिसऱ्या वेळी तर हातात वाटी धरून झोपला.

३

मावशी काही फेकत नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी आमच्याकडे जनुकांच्या तपासणीला अकरा नमुने आले होते. अकराच्या अकरा नळ्या त्यांनी फ्रीजरच्या तळातून काढून माझ्यापुढे ओळीनं मांडल्या.

"माझ्यावर संशय घेतोयस ना?" मावशी म्हणाल्या. "घे. पण नीट घे. अर्धवट काम मला चालत नाही."

"मावशी, नळ्यांची अदलाबदल झाली असेल का?"

"झाली असेल तर माझ्या हातून झाली असेल. पण अदलाबदल म्हणजे काय? ह्याचं रक्त त्याच्या नावावर, त्याचं ह्याच्या नावावर. मग ह्या ड्रायव्हरचं खरं रक्त उरलेल्या दहा नळ्यांपैकी एकीत असायला हवं. बघ आहे का."

माणसाची ओळख पटवायला जनुकांतल्या काही ठरावीक खुणा जुळवून बघतात. आम्ही अकरा जुने नमुने घेतले, ड्रायव्हरचं परवाचं रक्त घेतलं आणि ताईंचा जपून ठेवलेला नमुना घेतला. दोन दिवस यंत्र घरघरत होतं. मावशी जेवणाच्या सुट्टीतही त्याच्याजवळून हलल्या नाहीत. एकतीस वर्षांची नोकरी त्या यंत्राच्या पोटात होती.

बुधवारी दुपारी कागद बाहेर आला. ड्रायव्हरच्या नावाच्या जुन्या नळीत पुरुषाचं रक्त होतं, पण ड्रायव्हरचं नव्हतं. ताईंशीही त्याचं काही नातं लागत नव्हतं. भावाबहिणीच्या खुणा निम्म्याच्या आसपास तरी जुळतात. इथं दोन अनोळखी माणसं रस्त्यात भेटल्यासारखा प्रकार होता. आणि उरलेल्या दहा नळ्यांमध्ये ड्रायव्हर कुठेच नव्हता.

"म्हणजे त्याचं रक्त ह्या लॅबमध्ये आलंच नाही," मी म्हणालो.

"जे आलंच नाही, ते मी बदलणार कसं?" मावशी म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली. "नळीत जे आलं ते मी तपासलं, आणि बरोबर तपासलं. चूक माझ्या दाराच्या बाहेर झालीय. रक्त घेतलं कुणी, ते बघ."

प्रत्येक नमुन्यासोबत रक्त घेणाऱ्याची एक चिठ्ठी येते. मावशींनी जुना गठ्ठा सोडून ती काढली. तारीख, वेळ, कुठल्या हातातून घेतलं, शेरा, सही. हात: उजवा. ड्रायव्हरच्या बायकोनं कापूस काढला होता डाव्या कोपरातून.

शेऱ्याच्या रकान्यात तीन शब्द होते: डावा हात रजेवर.

सही माझी होती.

४

चौकशी अधिकाऱ्यानं साक्षीदाराची जबानी घेणं भाग होतं. साक्षीदार सापडायला वेळ लागला नाही. जुन्या सामानाच्या खोलीत बसून मी ती रीतसर नोंदवली.

प्रश्न: चिठ्ठी आपण लिहिली का?

उत्तर: अक्षर माझं आहे. विनोदही माझाच, दुर्दैवानं.

प्रश्न: विनोदाचा अर्थ?

उत्तर: आठवत नाही. तेव्हा मी नवीन होतो, रोज एक सुचायचा.

प्रश्न: त्या माणसाचा चेहरा?

उत्तर: दिवसाला साठ जण येतात. मी माणूस कोपरापर्यंतच बघतो.

प्रश्न: रक्त घेण्याआधीचा नियम काय?

उत्तर: नाव विचारायचं, सांगायचं नाही. समोरच्यानं आपल्या तोंडानं नाव सांगायचं, आपण ते नळीवरच्या नावाशी ताडून बघायचं.

प्रश्न: आपण काय करायचात?

इथं साक्षीदारानं पाणी मागितलं. अधिकाऱ्यानं त्याला दरडावलं.

उत्तर: रांग मोठी असायची. मी फॉर्मवरचं नाव मोठ्यानं वाचायचो आणि म्हणायचो, तुम्हीच ना?

प्रश्न: मग?

उत्तर: हो म्हणायचे. त्या रांगेत उभ्या माणसाला, तुम्हीच ना जिराफ, असं विचारलं तरी तो हो म्हणेल. त्याला लवकर सुटायचं असतं.

प्रश्न: म्हणजे कुणीही कुणाच्याही नावानं येऊन रक्त देऊन जाऊ शकला असता?

उत्तर: मी दार उघडून धरलं होतं, साहेब.

जबानी संपली. अधिकाऱ्यानं चिठ्ठीची घडी केली आणि साक्षीदाराच्या खिशात ठेवली. छोटी चिठ्ठी होती, पण दिवसभर बरगडीला टोचत होती. मॅडमनी जाता जाता विचारलं, "रक्त कुणी घेतलं ते कळलं का?" मी म्हणालो, "शोधतोय." माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत अचूक उच्चारलेलं खोटं वाक्य.

मावशी पलीकडे नळ्या धूत होत्या. त्या मागं न बघता म्हणाल्या, "शर्ट धुवायला टाकताना खिसे तपासतोस ना रे बाळा? पुरावे विरघळतात."

त्यांनी मॅडमना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

५

गुरुवारी मी ताईंच्या घरी गेलो. दार उघडल्याबरोबर हॉलमध्ये सात पंखे दिसले. सगळे जमिनीवर. ताईंचे यजमान, म्हणजे ड्रायव्हरचे दाजी, विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे, पंख्यांच्या मधोमध बसून आठवा उघडत होते.

"शेजाऱ्यांचे आहेत," ताई म्हणाल्या. ताई शाळेच्या ऑफिसात काम करतात. गळ्यावर खालच्या बाजूला एक पांढरी रेघ, बारीक. "ह्यांना नाही म्हणता येत नाही. लग्न ठरताना मी विचारलं, मी पसंत आहे का? तर हो म्हणाले. ते खरं होतं की सवयीनं, ते अजून कळलेलं नाही."

दाजी हसले. "खरं होतं."

"आता विचारल्यावर काय, हो म्हणणारच."

मी जुन्या रिपोर्टाबद्दल, त्यावरच्या मावशींच्या सहीबद्दल विचारलं. ताईंचा आवाज हळू झाला. "माझा रिपोर्ट वाईट आला ना, तेव्हा मी एक अश्रू काढला नाही. ह्याचा चांगला आला तेव्हा ढसाढसा रडले. म्हटलं, आईचं ते आजारपण माझ्यावर निभावलं, तो सुटला. चार वर्षं मी रोज आरशात ही रेघ बघून हेच म्हणतेय. आणि तुमची ती बाई... एवढी जुनीजाणती, तिच्या हातून असं कसं झालं?"

दाजींच्या हातातला स्क्रू पडला आणि पंख्याखाली गेला. त्यांनी तो उचलायला डावा हात घातला. मनगट वाकडं होतं, नीट वळत नव्हतं. दोनदा चुकलं, मग त्यांनी हात बदलला.

"जन्मापासून आहे?" मी विचारलं.

"छे हो," ताई म्हणाल्या. "शिडीवरून पडले. फुकटचाच पंखा लावताना. दीड महिना प्लास्टर होतं. कधी बरं... हां, वहिनीला सातवा लागला होता तेव्हा."

मी खिशातली चिठ्ठी काढून दाजींच्या समोर, पंख्याच्या पात्यावर ठेवली. तारीख वर येईल अशी.

दाजींनी ती वाचली. परत वाचली. मग म्हणाले, "तुम्ही असंच म्हणाला होतात. 'काय हो, डावा हात रजेवर वाटतं?' मला हसू आलं होतं."

ताई दोघांकडे बघत होत्या. "कसली रजा?"

"मी दिलं रक्त," दाजी म्हणाले. "त्याच्या नावावर."

ताईंचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"तो दुकानात आला होता गं. बसला आणि रडायला लागला. म्हणाला, दाजी, आईचं शेवटचं वर्ष मी बघितलंय. माझ्यात आहे हे कळलं, तर मी स्टिअरिंग धरू शकणार नाही. पण हिला रिपोर्ट हवाय. फक्त एक सुई दाजी, बाळ झालं की मी माझं खरं करून घेतो. मी हो म्हटलं. मग ह्यांनी त्याचं नाव घेऊन विचारलं, तुम्हीच ना. तिथंही हो म्हटलं."

"आणि नंतर? बाळ झाल्यावर?"

"एकदा काढला विषय. त्यानं बदलला. मी बदलू दिला." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तू इतकी खूश होतीस."

आठ पंखे होते, वारा कुठेच नव्हता.

"उद्या दवाखान्यात यायचं," ताई शेवटी म्हणाल्या. "आणि हो म्हणू नका. नुसते या."

६

शुक्रवारी सकाळी ड्रायव्हरच्या पलंगाभोवती आम्ही उभे होतो: त्याची बायको, ताई, दाजी आणि मी. त्यानं डोळे मिटले.

"झोपू नकोस," ताई म्हणाल्या. "आम्ही संध्याकाळपर्यंत थांबू."

त्यानं डोळे उघडले. दाजींकडे बघितलं आणि समजला.

आधी मी बोललो. चिठ्ठी ड्रायव्हरच्या बायकोच्या हातात दिली आणि सांगितलं, की मावशींनी काहीही चुकवलेलं नाही, नाव विचारायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. विचारलं असतं, तर दाजींना तोंडानं खोटं नाव घ्यावं लागलं असतं. दाजींना हो म्हणता येतं, खोटं बोलता येत नाही. ते तिथंच अडकले असते.

मग दाजी बोलले. मग कुणी काही न विचारता ड्रायव्हर बोलला.

"कापूस मी डेपोत लावून घेतला. डाव्या हाताला, कारण उजव्या हातानंच लावता येत होता." तो छताकडे बघत होता. "डॉक्टर म्हणाल्या, हे जनुक म्हणजे पेशीचं अ‍ॅक्सिलरेटर असतं. आमच्या घराण्यात ते दाबलेलंच अडकलंय. मला तर वाटलं होतं, गाडी सुरळीत चाललीय. रिपोर्टवर माझं नाव होतं ना... कपाटात होता, अधूनमधून काढून बघायचो. बघून बघून तो माझाच वाटायला लागला. पोरगी झाली तेव्हा तर मी विसरूनच गेलो होतो की दाजींचा आहे. शपथ."

"आणि आता?" बायकोनं विचारलं. "ती म्हातारी बाई नोकरीवरून गेली असती, तरी गप्प बसला असता?"

"ऑपरेशन झालं की सांगणार होतो."

"बाळ झालं की. ऑपरेशन झालं की." तिचा आवाज चढला नाही. "पोरगी पाच वर्षांची झाली की?"

उशीवर तोंड फिरवून तो रडत होता. गाठीमुळे रडण्याचा आवाजसुद्धा घोगरा येत होता. ताईंनी त्याच्या पायावर हात ठेवला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

बायको माझ्याकडे वळली. "तर तीन मशीनं. हे, दाजी आणि तुम्ही."

"हो."

"चौथं मी. 'रिपोर्ट आणा' म्हणून रोज मागं लागले. 'तुम्हाला भीती वाटते का' असं एकदाही विचारलं नाही." तिनं चिठ्ठी मला परत दिली. "पोरगी खाली आहे, शेजारीण सांभाळतेय. वर आणा. रक्त तुम्हीच घ्यायचं."

"मी? मावशींना सांगतो ना, त्यांचा हात..."

"ज्याच्या हातून बाही उलटी लागते, त्याला आम्ही काढून टाकत नाही. पुढचे शंभर शर्ट त्यालाच देतो. तो डोळे फाडून बघतो."

मी रक्त घेतलं. त्याआधी तिला नाव विचारलं आणि तिनं सांगितलेलं नळीवरच्या नावाशी ताडून बघितलं. ती आपल्याच नळीकडे कौतुकानं बघत होती आणि म्हणाली, "अजून आहे माझ्यात. हवंय?"

दुपारी मी फॉर्म भरला. एका ओळीत तीन नावं लिहिली. ऑफिसनं फॉर्म परत पाठवला: ओळ एक, नाव एक. शिवाय बाकीचे दोघे कर्मचारी नाहीत. मग मी खोडून माझं एकट्याचं लिहिलं. छान मावलं.

शिक्षा म्हणून मला सहा महिने सुईपासून लांब ठेवलं आणि तळमजल्यावरच्या सामानाच्या खिडकीत बसवलं. तिथं मी कापूस, हातमोजे आणि रिकाम्या नळ्या देतो. ड्रायव्हरचं ऑपरेशन झालं. मानेतल्या गाठींमध्येही कॅन्सर पसरला होता, त्या काढल्या. दर तीन महिन्यांनी त्याला तपासणीला यावं लागतं. चार वर्षांपूर्वी कळलं असतं, तर ग्रंथी काढून भागलं असतं, असं मॅडम म्हणाल्या. हे सांगताना त्यांनी चष्मा काढला नाही.

मुलीचा रिपोर्ट मावशींनी केला, दोनदा. दोष होता.

पण तो वेळेत सापडला. गेल्या महिन्यात तिची ग्रंथी काढली. आत कॅन्सरचा कणही नव्हता.

काल तिची आई खिडकीशी आली. मुलगी मागं, लिफ्टच्या दारात कुणाशी तरी वाद घालत होती.

"काय देऊ?" मी विचारलं. "कापूस?"

"काही नको." तिनं पर्स खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "ग्रंथी नाही, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी द्यायची असते तिला. जन्मभर. रोज गोळी देताना तुमची आठवण येते."

"शिव्या देता?"

"आधी ह्यांना देते, मग दाजींना, मग स्वतःला. तुमचा नंबर लागेपर्यंत पोरीचं पाणी पिऊन संपतं." ती हसली नाही. "पण आठवण येते. तुम्हालाही आमची यावी, म्हणून सांगायला आले."

"येते," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज."

तिनं मान हलवली, आणि मुलीला हाक मारत निघून गेली.